सॅल्मन फ्लायचं देशी किट: हत्यारं घ्या, पिसांचं पाकीट राहू दे

आधी किंमत सांगते कारण सगळे तेच विचारतात. बेसिक सेट साडेतीन हजारांच्या आत पडतो, त्यात वाइस, बॉबिन, कात्री, हॅकल प्लायर (हॅकल म्हणजे हुकाभोवती गुंडाळायचं पीस, ते धरायचा चिमटा), गाठ मारायचं व्हिप फिनिशर आणि एक दाभण. मोठा सेट जवळजवळ दुप्पट, त्यात वरून पिसं, रेशीम, टिन्सेल, हुक आणि कुठली फ्लाय कशी बांधायची त्या रेसिपीचे छापील कागद. मी मोठा घेतला, रत्नागिरीच्या माझ्या मावसबहिणीने बेसिक घेतला आणि गणपतीत ती मालवणात आली तेव्हा दोघींनी बसून दोन्ही सेट पिंजून काढले, म्हणून हे दोन्हींबद्दल आहे. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, तक्रारी आहेत म्हणून, आणि तसंही हाच माल ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी दिसतो, खोका बदलतो, आतलं सामान तेच.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाय म्हणजे हुकावर दोरा, रेशीम, पिसं गुंडाळून केलेलं खोटं आमिष. त्यातली क्लासिक सॅल्मन फ्लाय म्हणजे एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी केलेला कहर. अटलांटिक सॅल्मन अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरला की खाणं जवळजवळ सोडतो, पण समोरून काहीतरी चमकत गेलं तर झडप घालतो, का घालतो यावर लोकांचे वाद अजून चालूच आहेत. म्हणजे आमिष एखाद्या किड्यासारखं दिसायलाच हवं असं काही राहिलं नाही, मग काय, ट्वीड आणि स्पे नद्यांवरच्या साहेब लोकांनी जगभरातल्या पक्ष्यांची पिसं हुकावर चढवली. त्या काळात बायकांच्या टोप्यांसाठी लंडनला बोटी भरून पिसं यायची, त्यामुळे माल हाताशी होताच. सगळ्यात नावाजलेली 'जॉक स्कॉट', १८५० च्या आसपासची, लॉर्ड जॉन स्कॉटच्या पदरी मासेमारीचं काम बघणाऱ्या जॉक स्कॉटनेच बांधलेली. तिचं निम्मं अंग पिवळ्या रेशमाचं, निम्मं काळ्या, मध्ये टूकनची पिसं, गळ्याशी गिनी कोंबडी, पंखात टर्की, मोर, बस्टर्ड (आपल्या माळढोकाच्या कुळातला), रंगवलेला हंस, मकाव, बदक, सगळ्यावर गोल्डन फेझंटच्या तुऱ्याचं पीस, बाजूला रानकोंबडा आणि गालावर दक्षिण अमेरिकेतला निळा कोटिंगा. एका हुकावर अख्खं पक्षी संमेलन.

मी मासे पकडत नाही, खाते फक्त. माझं काम आरी वर्कचं, लग्नाचे ब्लाउज, त्यामुळे रेशीम आणि जर रोजच्या हातातली, आणि या फ्लाय मी फ्रेम करायला बांधते. आजकाल जगात हे करणारे बरेच जण असेच आहेत, बांधलेली फ्लाय पाण्यात टाकतच नाहीत, कित्येकांना मासेमारी येतच नाही. शेजारचे काका, जन्म रापणीवर गेला त्यांचा, माझी पहिली फ्लाय हातात घेऊन उलटसुलट बघून म्हणाले, "गो बाय, एवढी पिसां कित्याक? सुंगट (कोळंबी) लाव, मासो गावतलो." बरोबरच आहे त्यांचं. आणि कुणी विचारायच्या आधीच सांगते, हॉटेलच्या मेन्यूत रावसापुढे इंडियन सॅल्मन लिहिलेलं असतं पण त्याचं आणि खऱ्या सॅल्मनचं लांबचं सुद्धा नातं नाही, त्यामुळे ही फ्लाय खाडीत टाकून रावस येईल का हे मला विचारू नका.

आता वाइस. हुक घट्ट धरायचं हे मुख्य हत्यार आणि किटमधली सगळ्यात चांगली वस्तू हीच. गोल फिरतो, हे फार कामाचं कारण क्लासिक फ्लायला दोन्ही बाजू सारख्या लागतात, डावा पंख केसभर वर चढला तरी कळतं, आणि फिरवून बघता आलं तर बांधताना कळतं, नाहीतर फ्रेममध्ये गेल्यावर. बारीक आणि मध्यम हुक अगदी छान धरतो. मोठा हुक, म्हणजे ४/० आणि त्याच्या वरचा, घसरतो. दोरा जोरात ओढला की हुक खाली मान टाकतो आणि तोवर बसवलेली शेपटी तिरकी. जबड्याचं पोलाद मऊ आहे, हुक धरतो तिथे खाच पडायला लागली होती. क्लॅम्पची तऱ्हा वेगळीच, तो साधारण दीड इंचापर्यंतच उघडतो आणि आमचं टेबल फणसाच्या जाड फळीचं, बसेचना, शेवटी एक प्लायवूडची पट्टी टेबलाला स्क्रूने मारून तिच्यावर बसवला. घेणाऱ्यांनी टेबल मोजून घ्या. क्रोमचं पॉलिश दिसायला भारी पण खाऱ्या हवेत त्याचा काय निभाव लागणार, पावसाळा संपेपर्यंत स्क्रूच्या कडेने तांबूस ठिपके आले. शिलाई मशीनचं तेल एक थेंब आठवड्याला, आणि काम झालं की कापडात गुंडाळून ठेवायचा, मग टिकतो. तसं पूर्वीचे लोक वाइसशिवाय, हुक नुसता चिमटीत धरून बांधायचे, अजूनही काही जण हट्टाने तसंच बांधतात, त्यांना दंडवत. मला जमणार नाही.

बाकी हत्यारं मिळून मिसळून. बॉबिनच्या नळीची कड धारदार आहे, दोरा मध्येच तुटतो आणि तुटला की आधीची सगळी गुंडाळी सैल. जाड सुती दोऱ्याला ब्रासो लावून तो नळीतून बराच वेळ मागेपुढे ओढला तर कड गुळगुळीत होते, आम्ही दोन्ही सेटना तेच केलं, नाहीतर सिरॅमिक नळीचं बॉबिन वेगळं मिळतं ते घ्या. हॅकल प्लायर पिसाचं टोक कातरून टाकतो, त्याच्या एका पात्याला सायकलच्या वालट्यूबचा तुकडा चढवला की सरळ येतो. व्हिप फिनिशर उत्तम. कात्रीबद्दल न बोललेलं बरं, जिच्याकडे एम्ब्रॉयडरीची बारीक टोकाची कात्री आहे तिने ही कोथिंबीर कापायला ठेवावी.

इथपर्यंतचं सगळं बेसिकमध्ये पण येतं. आता मोठ्या सेटमध्ये जे जास्तीचे पैसे जातात ते कशाचे ते बघू.

रेशमावर 'प्युअर सिल्क' छापलंय. चकाकी जरा जास्तच वाटली म्हणून एक धागा जाळून बघितला तर जळक्या कागदाचा वास, म्हणजे रेयॉन. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि काळा ठिसूळ गोळा राहतो, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. रेयॉन वाईट नाही, पण तेच बांगड्यांना आणि झुमक्यांना गुंडाळायचं सिल्क थ्रेडचं रीळ मालवण बाजारात, कुडाळला, सावंतवाडीला कुठेही फुटकळ पैशात मिळतं आणि रंग बघाल तर अख्खी भिंत. खरंच पाहिजे असेल तर पैठणीवाल्यांकडे येवल्याचं रेशीम मागा, थोडं उरलेलं सुद्धा पुष्कळ होतं कारण एका फ्लायला लागतं किती. रेशमाचं एक सांगते, गुंडाळताना पीळ उलटा सोडवून ते सपाट बसवायचं, आणि पिवळ्यासारख्या फिक्या रंगाच्या खाली पांढऱ्या दोऱ्याचा थर द्यायचा, नाहीतर व्हार्निश लागलं की रंग काळवंडतो. हाताची कातडी खरखरीत असेल तर रेशमाला लव सुटते, परदेशात लोक त्यासाठी रेशमी हातमोजे घालतात, मी साखर आणि खोबरेल तेलाने हात चोळते आणि साबणाने स्वच्छ धुते. नारळ सोलून आल्या आल्या बांधायला बसू नये एवढंच.

टिन्सेल म्हणजे अंगावर वेढे देतात ती चमकती पट्टी. सेटमध्ये दोन प्रकारची आहे. सपाट पट्टी मायलर प्लास्टिकची, एका बाजूने सोनेरी दुसऱ्या बाजूने रुपेरी, ती काळी पडत नाही, चांगली आहे. गोल-लांबट टिन्सेल मात्र धातूची आणि ती ऑगस्टपर्यंत पितळेच्या जुन्या समईसारखी झाली. आता गंमत बघा, ही गोल टिन्सेल म्हणजे काय, तर दोऱ्यावर धातूची चपटी बारीक तार गुंडाळलेली. म्हणजे आपली जरच की! सुरतेची जर आरी वर्कवाल्यांकडे बारीक, मध्यम, जाड सगळ्या मापात असते आणि सेटमधल्यापेक्षा एकसारखी वळलेली असते. खरी जर सुद्धा चांदी असल्याने काळी पडतेच, पण प्लास्टिक जर घेतली तर फ्रेममधल्या फ्लायला काही होत नाही. मावसबहिणीने बेसिक सेटवर नुसत्या जरीने आणि बांगडीच्या रेशमाने 'थंडर अँड लाइटनिंग' बांधली, काळं अंग, सोनेरी वेढे, नारिंगी हॅकल, आणि तिची माझ्या महागड्या सेटमधल्या सामानापेक्षा उजवी दिसते. मला राग आला थोडा.

आता पिसं. माझा खरा वैताग इथे आहे.

रंगवलेली हंसाची पिसं (म्हणजे पाळीव गूजची, आता जगभर हंसाऐवजी तीच वापरतात) लाल, पिवळी, निळी, रंग पक्के, पाण्यात बोटाला लागत नाहीत. पण सगळी एकाच पंखाची! डाव्या पंखाची. क्लासिक फ्लायचा पंख असा बनतो की वेगवेगळ्या पिसांमधून दोन-दोन तीन-तीन तंतूंच्या पट्ट्या काढायच्या आणि त्या एकमेकींना जोडून एक नवीन बहुरंगी पीस तयार करायचं. गोंद नाही काही नाही. पिसाच्या तंतूंना डोळ्याला न दिसणारे आकडे असतात, दोन पट्ट्या शेजारी ठेवून बोटाने हलकेच कुरवाळलं की ते एकमेकांत अडकतात आणि लाल पिवळा निळा अशी सलग पट्टी होते, पहिल्यांदा जमतं ना तेव्हा खरंच विश्वास बसत नाही. पण डाव्या पिसाचा तंतू उजव्याला नीट जुळत नाही, वळण उलटं असतं. त्यामुळे डाव्या पंखाला डावी पिसं आणि उजव्याला उजवी हे या कलेतलं अ आ इ ई आहे, आणि क्लासिक किट म्हणून विकणाऱ्याला ते माहीत नाही? की पोतं भरून आलेली पिसं मोजून पाकिटात भरली? एक पंख अप्रतिम आणि दुसरा टकला अशी फ्लाय करायची का मग.

मी शेवटी एका कृषी पर्यटनवाल्यांकडून पांढऱ्या बदकांची आणि गूजची गळलेली पिसं आणली, दोन्ही बाजूंची जोडी लावून, फुकट. घरी रंगवायला सोपी आहेत. आधी शाम्पूने धुवायची म्हणजे तेलकटपणा जातो, मग कडकडीत पण न उकळणाऱ्या पाण्यात रंग आणि व्हिनेगर. पीस केसासारखंच प्रथिनाचं बनलेलं, त्यामुळे लोकर-रेशमाचे अ‍ॅसिड रंग धरतं, आणि जिलेबीचा खायचा रंग सुद्धा धरतं, तो पिवळा तर असा काही उठून येतो की बस. सुती कपड्याच्या रंगापेक्षा हेच बरे. गिनी कोंबड्या पण अशा ठिकाणी असतातच, ठिपक्यांची पिसं मिळून जातात.

गोल्डन फेझंटचे तुरे (हा पक्षी मूळ चीनचा, पाळलेला मिळतो) सेटमध्ये बरे निघाले, फक्त पाकिटात दाबून वाकडे झालेले. ओले करून काचेच्या पेल्याच्या बाहेरून चिकटवून वाळवले की सुंदर कमान येते. शहामृगाचे काळे तंतू ठीक.

आणि रानकोंबडा. याच्यावर जरा लिहिते कारण विकणाऱ्याच्या यादीत एक पर्याय आहे, जास्त पैसे भरा आणि 'ओरिजिनल जंगल कॉक' घ्या. हा जंगल कॉक म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडा, आंबोलीला पहाटे गाडी थांबवली तर आरवताना ऐकू येतो तोच. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब सुकल्यासारखे फिकट पिवळे चकचकीत ठिपके असतात, आणि त्या ठिपक्यांसाठी इंग्रजांच्या काळात हे पक्षी मारून माना विलायतेला जायच्या. जवळजवळ प्रत्येक नावाजलेल्या सॅल्मन फ्लायला ते पीस लागतं. १९०२ मध्ये हिंदुस्थानातून जंगली पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा पक्षी संरक्षित आहे, शिकार सोडाच, त्याच्या पिसांचा धंदा सुद्धा गुन्हा. परदेशात पिंजऱ्यात वाढवलेल्या रानकोंबड्यांची पिसं उघड विकतात, ती गोष्ट वेगळी. इथे कुणी तुम्हाला 'ओरिजिनल' देत असेल तर ते कुठून आलं असेल याचा विचार करा. मी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, पिसांचे कागद आहेत का, तर उत्तर आलं "मॅडम क्वालिटी गॅरंटी". मी तो पर्याय घेतला नाही आणि तुम्ही पण घेऊ नका. तेच खंड्याच्या निळ्या पिसांचं, जुन्या रेसिपीत कोटिंगाऐवजी चालतात म्हणून लिहिलेलं सापडेल, पण नको. मोराचं गळलेलं शेपटीचं पीस देशात चालतं, देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणजे फ्लाय भेट म्हणून परदेशी मित्राला पाठवणार असाल तर मोर वगळून बांधा.

मी उगाच घाबरवतेय असं वाटेल पण या छंदाचा इतिहासच तसा आहे. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या म्युझियममधून बासरी शिकणाऱ्या एका अमेरिकन पोराने २९९ पक्ष्यांच्या जतन केलेल्या कातड्या चोरल्या, त्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने गोळा केलेले नमुने सुद्धा, आणि चोरल्या कशासाठी तर या फ्लायच्या पिसांसाठी. पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या पक्ष्यांची लेबलं काढून पिसं सुटी करून विकली. मकाव, क्वेत्झाल अशा पक्ष्यांवर तर आंतरराष्ट्रीय करारानुसारच बंधनं आहेत. त्यामुळे आज चांगले चांगले कारागीर सरळ रंगवलेल्या पाळीव पक्ष्यांच्या पिसांवर काम करतात आणि लांबून फरक ओळखून दाखवा म्हणावं.

सेटमध्ये रानकोंबड्याऐवजी प्लास्टिकवर छापलेले 'डोळे' आहेत आणि खरं सांगू, हातभर अंतरावरून ते छान दिसतात. जवळून सपाट वाटतात, त्यावर नेलपॉलिशच्या टॉपकोटचा एक थेंब सोडा, फुगीर होऊन वाळतो. किंवा काळ्या कोंबडीच्या छोट्या पिसावर पांढऱ्या आणि पिवळ्या नेलपॉलिशचे ठिपके द्या, आमच्या मावसबहिणीचा हा उद्योग, आणि तो छापील डोळ्यापेक्षा सरस आहे.

ठेवायचं कसं हे किटवाल्याने एका ओळीत सुद्धा लिहिलेलं नाही आणि आपल्याकडे तर तीच खरी अडचण. जून ते सप्टेंबर पिसांना बुरशी येते, आणि कसर लागली तर पाकिटात नुसत्या काड्या उरतात. नवीन पिसं आणली की पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीजरमध्ये, अळ्या-अंडी मरतात, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि डांबरगोळ्या. फ्रीजरमध्ये बांगड्यांच्या शेजारी पिसांची पिशवी बघून आई काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रेसिपीचे कागद म्हणजे कुठल्यातरी जुन्या पुस्तकाच्या पानांची अंधुक झेरॉक्स. जॉर्ज केल्सनचं १८९५ चं आणि प्राइस-टॅनॅटचं १९१४ चं, ही दोन्ही पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात, चित्रांसकट, त्यामुळे कागदांचे पैसे कशाला. बांधायला केल्सन पण शिकवतो, पण प्राइस-टॅनॅट हात धरून शिकवतो, नवशिक्यांनी त्याच्यापासून सुरुवात करावी. आणि जॉक स्कॉटच्या नादी लगेच लागू नका, थंडर अँड लाइटनिंग किंवा ब्लू चार्म आधी.

हुक नेढं असलेले आहेत, म्हणजे पुढे गोल भोक. जुन्या पद्धतीचे हुक बिनभोकाचे असायचे आणि त्यांना रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेल्या तातीचा फास बांधायचे. हौस असेल तर नेढं कापून, कानस मारून, नायलॉनच्या तंगुसाचा पिळलेला फास बांधा, फ्रेममध्ये कुणाला कळत नाही. साधे मस्टॅड कंपनीचे हुक बंदराजवळच्या दुकानात मिळतात ते सरावाला चांगले.

म्हणून माझं म्हणणं, बेसिक घ्या. उरलेल्या पैशात रेशीम, जर, रंग, डबे सगळं येऊन वर सावंतवाडीला जाऊन यायचं गाडीभाडं निघतं. कुरिअर गावात येत नाही, कुडाळहून आणावं लागलं, पिन कोड टाकल्यावर डिलिव्हरी दाखवत असली तरी आधी फोन करा. बदलून देण्याच्या बाबतीत मात्र विकणारा बरा निघाला. जबडे नवीन पाठवले, पैसे न घेता, आणि नवीन जोडी जास्त कडक आहे, ४/० धरते. फक्त फोनवर कुणी ऐकत नाही, हुक घसरतानाचा व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. डाव्या पिसांची तक्रार पण तशीच टाकलीय, निळी टिक आलीय, उत्तर नाही.